गहाण पडलेले पांघरूण

बायबलच्या जुन्या करारातल्या आमोस या संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात इस्राएलवरचे आरोप एकापाठोपाठ एक येतात. निर्दोष माणसाला रुप्यासाठी विकले जाते, गरजवंताला वहाणांच्या एका जोडासाठी विकले जाते, आणि मग एक आरोप असा येतो की घाईत वाचणारा त्यावरून सहज पुढे निघून जातो: हे लोक गहाण घेतलेल्या वस्त्रांवर वेदीशेजारी पहुडतात. माणसे विकण्यापुढे हा आरोप किरकोळ वाटतो. तरीही इस्राएल आणि यहूदा या दोन लहानशा राज्यांत इसवी सनापूर्वीच्या आठव्या शतकापासून पुढे जे संदेष्टे, म्हणजे देवाचा संदेश लोकांना सांगणारी माणसे, बोलत राहिले, त्यांना नेमके काय सांगायचे होते हे समजून घ्यायचे असेल, तर माझ्या मते याच वस्त्रापासून सुरुवात करावी.

त्या काळातल्या गरीब माणसाकडे वरून पांघरायचे जाडे वस्त्र बहुधा एकच असे. दिवसा ते अंगावर वागवायचे आणि रात्री तेच ओढून निजायचे. कर्जापोटी ठेवण्यासारखे दुसरे काहीच नसेल, तर धनको ते वस्त्र काढून घेई. बायबलमधल्याच निर्गमाच्या पुस्तकातील कायदा याबाबत स्पष्ट आहे: शेजाऱ्याचे वस्त्र गहाण घेतलेस, तर सूर्य मावळण्यापूर्वी ते त्याला परत कर, कारण त्याच्याकडे तेवढेच पांघरूण आहे, तो दुसरे काय घेऊन झोपणार? कायद्याच्या कलमात असा सवाल क्वचितच आढळतो. हा कायदा डोळ्यांसमोर ठेवून आमोसची ओळ पुन्हा वाचली की तिच्यातला संताप उलगडतो. सूर्य मावळला आहे, वस्त्र मालकाकडे परत गेलेले नाही, ते देवाच्या वेदीजवळ अंथरले गेले आहे, आणि त्यावर रेलून धनको दंडापोटी वसूल केलेला द्राक्षारस पीत आहे.

ही केवळ काव्यातली कल्पना नव्हती, याचा एक पुरावा आपल्या हाती आहे. १९६० साली भूमध्य समुद्राच्या किनाऱ्याजवळ, यावने-यामच्या दक्षिणेला असलेल्या एका छोट्या किल्ल्यात उत्खनन करताना शाईने लिहिलेले एक खापर सापडले. त्यावरचा हिब्रू मजकूर इसवी सनापूर्वीच्या सातव्या शतकाच्या उत्तरार्धातला, म्हणजे आमोसनंतर सव्वाशे-दीडशे वर्षांनंतरचा आहे. तो कापणीवरच्या एका मजुराचा तक्रारअर्ज आहे. धन्याने आपल्या दासाचे म्हणणे ऐकावे, अशी विनवणी करून तो सांगतो की त्याने आपल्या वाट्याची कापणी पुरी केली होती, तरी होशायाहू बेन शोबाय नावाचा माणूस आला आणि त्याचे वस्त्र घेऊन गेला. उन्हाच्या तडाख्यात त्याच्याबरोबर कापणी करणारे सगळे सोबती साक्ष देतील, त्याचा काही अपराध नाही, आणि त्याचे वस्त्र त्याला परत मिळावे. मजकुरातली वाक्ये तेच तेच पुन्हा सांगत अडखळत पुढे जातात. त्याने ते कुणा लेखनिकाला तोंडी सांगितले असावे असे बहुतेक अभ्यासक मानतात. अधिकाऱ्याने पुढे काय केले, हे खापरावर लिहिलेले नाही. संदेष्ट्यांच्या ग्रंथांची पाने उलटताना मला हा मजूर वारंवार आठवतो, कारण अशा माणसाचे म्हणणे दरबारात ऐकले गेले नाही की ते चौकात मोठ्याने बोलण्याचे काम संदेष्ट्यांनी अंगावर घेतले होते.

आमोस स्वतः यहूदातल्या तकोवा गावचा. मेंढरे पाळणारा आणि उंबराच्या झाडांची निगा राखणारा, अशी त्याने स्वतःची ओळख सांगितली आहे. तो बोलायला गेला मात्र उत्तरेकडच्या इस्राएलच्या राज्यात, दुसऱ्या यराबामाच्या कारकिर्दीत. हा राजा ४१ वर्षे गादीवर होता, त्याच्या काळात राज्याच्या सीमा वाढल्या होत्या, व्यापार तेजीत होता आणि राजधानी शोमरोनमध्ये पैसा खेळत होता. आमोस तिथल्या हस्तिदंती घरांचा आणि हस्तिदंती पलंगांचा उल्लेख करतो, पेले सोडून मोठमोठ्या कटोऱ्यांनी द्राक्षारस पिणाऱ्यांचा आणि उत्तम तेलाने अंग माखणाऱ्यांचा उल्लेख करतो. विसाव्या शतकात शोमरोनच्या टेकडीवर झालेल्या उत्खननात फर्निचरवर जडवलेल्या कोरीव हस्तिदंती पट्ट्यांचे ढीगभर तुकडे सापडले; त्याच टेकडीवर सापडलेल्या खापरांवर जुन्या द्राक्षारसाच्या आणि शुद्ध केलेल्या तेलाच्या बुधल्यांच्या नोंदी आहेत: कोणत्या वर्षी, कोणत्या गावाहून, कोणाच्या नावे माल आला. आमोसच्या तोंडी जी निंदा आहे, ती कोठारातल्या कारकुनाच्या हातात नुसती नोंद होती.

आठव्या अध्यायात तो बाजारात शिरतो. सण कधी संपतो आणि आम्ही धान्य विकायला कधी बसतो, असे म्हणणारे व्यापारी तो उभे करतो. त्यांना माप लहान करायचे आहे, वजन जड करायचे आहे, काटा मारायचा आहे, आणि गव्हाबरोबर त्यातला कचराही विकायचा आहे. इथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की हे लोक सण मोडत नाहीत. सणाच्या दिवशी दुकान बंदच आहे. नियम पाळला जात आहे आणि मनात मात्र दुसऱ्या दिवशीच्या लबाडीची आखणी चालली आहे. आमोसचा रोख नेमका तिथे आहे, आणि या बाबतीत तो इतर पुष्कळ नीतिवाद्यांपेक्षा मला फार बारीक नजरेचा वाटतो. लोक दुष्ट झाले आहेत, अधर्म माजला आहे असे मोघम बोलून तो थांबत नाही. माप, वजन, गहू, वहाणा, वस्त्र अशी एकेक वस्तू तो पुढे ठेवतो, आणि ऐकणाऱ्याला घरी जाऊन आपापले माप तपासता येईल अशा रीतीने बोलतो.

त्याची बोलण्याची पद्धतही मोठी धूर्त होती. ग्रंथाच्या सुरुवातीला तो दिमिष्काचा निषेध करतो, मग गज्जाचा, सोरचा, अदोमाचा, अम्मोनाचा, मवाबाचा. ही सगळी इस्राएलच्या आसपासची राष्ट्रे, त्यातली बरीचशी जुनी वैरी. ऐकणारे खूश होऊन माना डोलावत असणार. त्यानंतर तो यहूदाचे नाव घेतो आणि शेवटी ‘इस्राएलच्या तीन अपराधांबद्दल, नव्हे चार अपराधांबद्दल’ असे तेच पालुपद श्रोत्यांवर उलटवतो. या यादीत मवाबावरचा आरोप विशेष ध्यानात घेण्यासारखा आहे. मवाबाने अदोमाच्या राजाची हाडे जाळून त्यांचा चुना केला, हा तो अपराध. यात इस्राएलचे काही नुकसान झालेले नाही. दोन परक्या राष्ट्रांमधल्या अत्याचाराचाही जाब इस्राएलचा देव विचारतो, ही कल्पना त्या काळात, जेव्हा प्रत्येक राष्ट्राचा देव आपापल्या राष्ट्राची पाठराखण करण्यासाठीच असतो असे समजले जाई, लहानसहान नव्हती. ग्रंथाच्या शेवटच्या अध्यायात तो याहून पुढे जातो. मी तुम्हाला मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, बाहेर आणले तसे तुमच्या वैऱ्यांना, पलिष्ट्यांना कफतोराहून आणि अराम्यांना कीराहून, आणले नाही काय, असे देव विचारतो. निवडलेले राष्ट्र म्हणून मिरवणाऱ्यांना हे ऐकून काय वाटले असेल, याचा अंदाज बांधणे अवघड नाही.

बेथेल इथे राजाश्रय असलेले मोठे देवस्थान होते. तिथला पुरोहित अमस्या याने राजाला निरोप धाडला की हा माणूस कट करत आहे, आणि आमोसला सुनावले की तू यहूदाला निघून जा, तिकडे भाकर मिळव, तिकडे काय बोलायचे ते बोल. इथे बोलू नकोस, हे राजाचे पवित्रस्थान आहे. अमस्याने नकळत फार मोठी गोष्ट कबूल केली आहे. देवाच्या घरावर मालकी राजाची आहे आणि तिथले बोलणे हा पोटापाण्याचा धंदा आहे, हे त्याने गृहीत धरले आहे. आमोसचे उत्तर त्याच मुद्द्यावर येते: मी संदेष्टा नव्हतो आणि संदेष्ट्याचा पुत्रही नव्हतो, मी कळपामागे चालणारा माणूस, मला तिथून उचलले गेले. म्हणजे माझी भाकर तुमच्या हातात नाही.

उपासनेविषयी हे संदेष्टे जे बोलले, ते बहुधा सर्वांत जास्त उद्धृत होते. तुमच्या सणांचा मला तिटकारा आहे, तुमच्या गीतांचा गोंगाट माझ्यापुढून दूर करा, न्याय पाण्यासारखा आणि नीतिमत्ता अखंड वाहणाऱ्या ओढ्यासारखी वाहू द्या, हे आमोसचे वचन १९६३ साली वॉशिंग्टनमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या भाषणातून जगभर पोहोचले. यशयाच्या पहिल्या अध्यायात देव म्हणतो की तुमच्या बलिदानांचा मला वीट आला आहे, तुम्ही कितीही प्रार्थना केल्यात तरी मी ऐकणार नाही, तुमचे हात रक्ताने माखले आहेत. आणि लगेच पुढे काय करायचे तेही सांगतो: अनाथाचा न्याय करा, विधवेची बाजू मांडा. मीखाच्या सहाव्या अध्यायात उपासक विचारतो की मी देवापुढे काय घेऊन येऊ, एक वर्षाची वासरे, हजारो मेंढे, तेलाच्या लक्षावधी नद्या, की माझा पहिला मुलगा? बोली चढत जाते आणि उत्तर मात्र एकदम साध्या पायरीवर उतरते: न्यायाने वाग, दयेची आवड धर आणि आपल्या देवाबरोबर नम्रपणे चाल.

यावरून संदेष्टे कर्मकांडाच्या विरोधात होते असा निष्कर्ष काढण्याची एक जुनी सवय आहे. मला ती पटत नाही. यहेज्केल पुरोहित घराण्यातला होता आणि त्याच्या ग्रंथाचा शेवटचा मोठा भाग नव्या मंदिराच्या मोजमापांनी भरलेला आहे. इ.स.पू. ५२० मध्ये हाग्गयने लोकांना मंदिर बांधायला लावले, आणि मलाखीची तक्रार तर अशी आहे की लोक वेदीवर आंधळी, लंगडी जनावरे आणतात. हीच जनावरे आपल्या सुभेदाराला नजर करून पाहा, तो खूश होतो का, असा टोमणा तो मारतो. त्यांचा आक्षेप उपासनेवर नव्हता. देणे शेजाऱ्याचे थकलेले असताना ते देवाकडे भरून मोकळे होण्याची जी सोय लोकांनी काढली होती, तिच्यावर तो होता. यिर्मयाने यरुशलेमच्या मंदिराच्या दारात उभे राहून हेच सांगितले. चोरी, खून, व्यभिचार करायचे आणि मग या घरात येऊन आपण सुरक्षित आहोत म्हणायचे, तर हे घर लुटारूंची गुहा झाले आहे. देवाचे मंदिर, देवाचे मंदिर, देवाचे मंदिर हा जप तुम्हाला वाचवणार नाही. शिलो इथेही असेच स्थान होते, तिथे जाऊन पाहा त्याचे काय झाले.

होशेय या सगळ्यांत वेगळा आहे. आपल्या बायकोच्या बेइमानीतून तो देव आणि इस्राएल यांचे नाते मांडतो, आणि अकराव्या अध्यायात लहान मुलाला हाताला धरून चालायला शिकवणाऱ्या पित्याचे जे चित्र रेखाटतो, ते या सर्व ग्रंथांतले सर्वांत हळवे चित्र आहे. त्याच्याच दुसऱ्या अध्यायात मात्र स्त्रीला उघडी पाडण्याच्या, कोंडून ठेवण्याच्या धमक्या आहेत आणि त्या वाचताना मला अस्वस्थ व्हायला होते. यहेज्केलाच्या सोळाव्या आणि तेविसाव्या अध्यायांत हीच प्रतिमा आणखी क्रूर होते. गरिबाच्या अंगावरच्या वस्त्राची इतकी काळजी वाहणाऱ्या परंपरेला या प्रतिमेत काही खटकले नाही, हे नोंदवून पुढे गेले पाहिजे.

संदेष्टे एकटे नव्हते, ही गोष्ट आपण बऱ्याचदा विसरतो. राजाच्या पदरी संदेष्ट्यांची फौजच असे. इस्राएलच्या अहाब राजाने रामोथ-गिलादवर स्वारी करण्याआधी सुमारे ४०० संदेष्ट्यांना विचारले आणि सगळ्यांनी एकमुखाने जा, जय तुमचाच, असे सांगितले. मीखाया नावाच्या एकाच माणसाने उलटे सांगितले. त्याला थोड्याशा भाकरीवर आणि पाण्यावर तुरुंगात ठेवण्याचा हुकूम सुटला. मग ऐकणाऱ्याने खरा कोण आणि खोटा कोण हे ओळखायचे कसे? दोघेही ‘परमेश्वर असे म्हणतो’ याच शब्दांनी सुरुवात करत. मोरेशेथच्या मीखाने याची एक कसोटी दिली आहे आणि ती झोंबणारी आहे: हे लोक दातांखाली काही आले की शांती, शांती म्हणतात, आणि जो त्यांच्या तोंडात काही घालत नाही त्याच्याविरुद्ध युद्ध पुकारतात. बोलणाऱ्याला जेवू कोण घालते ते पाहा, एवढाच त्याचा अर्थ.

यिर्मया आणि हनन्या यांचा सामना याच प्रश्नाचा आहे. बाबेलच्या (बॅबिलोनच्या) राजापुढे मान तुकवा, हे सांगण्यासाठी यिर्मया मानेवर लाकडी जू घेऊन फिरत होता. गिबोनच्या हनन्या नावाच्या संदेष्ट्याने सगळ्यांसमोर जाहीर केले की दोन वर्षांच्या आत बाबेलचे जू मोडेल, लुटून नेलेली मंदिरातली भांडी परत येतील आणि बंदिवानही परत येतील. यिर्मयाचे पहिले उत्तर वाचून दर वेळी आश्चर्य वाटते. तो म्हणाला, आमेन, देव असेच करो. त्याने एवढेच जोडले की पूर्वीपासूनचे संदेष्टे युद्ध, दुष्काळ आणि रोगराई यांविषयी बोलत आले आहेत. जो शांतीचे भाकीत करतो, त्याचे बोलणे खरे ठरले म्हणजे त्याला देवाने पाठवले होते हे कळेल. मग हनन्याने त्याच्या मानेवरचे जू काढून मोडले आणि यिर्मया आपल्या वाटेने निघून गेला. प्रत्युत्तर त्याच्याकडे नंतर आले: लाकडी जू मोडलेस, त्याच्या जागी लोखंडी जू येईल. यिर्मयाला आपले म्हणणे खोटे ठरलेले हवे होते, असे मला त्या ‘आमेन’वरून वाटते.

इथे भाकितांच्या प्रश्नाकडे वळायला हवे, कारण संदेष्टा म्हटला की तो पुढचे सांगणारा, ही समजूत पक्की बसलेली आहे. त्यांच्या ग्रंथांत पुढचे सांगितलेले पुष्कळ आहे आणि त्यातले काही जसेच्या तसे घडलेही नाही. यराबाम तलवारीने मरेल असे आमोस म्हणतो, हा निरोप अमस्याने राजाला धाडला होता. राजा मात्र आपल्या पूर्वजांसारखाच निजला, म्हणजे शांतपणे मरण पावला, तलवार चालली ती त्याच्या मुलावर. आमोसचे स्वतःचे शब्द यराबामाच्या घराण्याविषयी होते, तेव्हा पुरोहिताने निरोपाला जरा धार लावली असणेही शक्य आहे. यहेज्केलाने सोर नगर बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या हातून धुळीस मिळेल असे ठणकावून सांगितले. पुढे इ.स.पू. ५७१ च्या सुमाराच्या एका वचनात त्याने सरळ लिहिले आहे की सोरपुढे राबून सैनिकांची डोकी टकली झाली, खांदे सोलवटले, पण राजाच्या किंवा सैन्याच्या पदरात काहीच पडले नाही. आता मोबदला म्हणून त्याला मिसर देश मिळेल. आधीचे वचन कुणी खोडले नाही. दोन्ही एकाच ग्रंथात थोड्या अंतराने राहू दिली आहेत.

मीखाचे उदाहरण याहून बोलके आहे. सियोन, म्हणजे यरुशलेमची टेकडी, शेतासारखी नांगरली जाईल आणि यरुशलेम दगडांचा ढिगारा होईल, असे त्याने हिज्कीया राजाच्या काळात सांगितले होते. इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरचा (असिरियाचा) राजा सन्हेरीब याने यहूदाची शहरे उद्ध्वस्त केली, लाखीश पाडले, पण यरुशलेम उभे राहिले. शंभर वर्षांनंतर मंदिरातल्या भाषणाबद्दल यिर्मयाला ठार करा, अशी मागणी पुरोहितांनी केली, तेव्हा देशातले काही वडीलधारे उठून म्हणाले की मोरेशेथच्या मीखाने हेच सांगितले होते, हिज्कीयाने त्याला मारले का? राजा देवाला भ्याला, आणि देवाने ते अरिष्ट येऊ दिले नाही. एका संदेष्ट्याचे वचन दुसऱ्याच्या ग्रंथात नाव घेऊन उद्धृत होण्याचा असा प्रसंग विरळाच. त्या वडीलधाऱ्यांच्या लेखी मीखा खोटा ठरला नव्हता. त्याचे बोलणे ऐकले गेले म्हणून शहर टिकले, असा त्यांचा हिशेब होता. यिर्मया स्वतःही कुंभाराच्या घरचा प्रसंग सांगताना हेच तत्त्व मांडतो, की एखाद्या राष्ट्राचा नाश करीन असे म्हटल्यावर ते राष्ट्र वळले, तर देवही आपला बेत बदलतो. योनाची संपूर्ण कथा यावरच बेतलेली आहे. अश्शूरचे निनवे नगर चाळीस दिवसांत पालथे होईल, असे तो सांगतो, निनवेचे लोक ऐकतात, निनवे वाचते आणि योना रागावून बसतो. सर्व संदेष्ट्यांत ज्याचे पूर्णपणे ऐकले गेले असा हा जवळजवळ एकटाच, आणि त्यालाच त्याचे दुःख झाले! ही भाकिते म्हणजे जप्तीपूर्वीच्या नोटिसा होत्या. अशी नोटीस मिळाल्यावर देणेकऱ्याने देणे चुकवावे, हाच तिचा उद्देश असतो.

यिर्मयाचा बचाव त्या दिवशी झाला खरा, पण तेच सांगणारा उरीया मिसरात पळाला तेव्हा यहोयाकीम राजाने माणसे पाठवून त्याला परत आणवले, तलवारीने मारले आणि त्याचे प्रेत सामान्य लोकांच्या कबरींत फेकून दिले. याच राजाविषयी यिर्मयाच्या बाविसाव्या अध्यायात जे आहे, ते मला राजकीय टीकेचा उत्तम नमुना वाटते. मजुरी न देता शेजाऱ्याला वेठीला धरून तो महाल बांधतो, प्रशस्त माड्या काढतो, गंधसरूची लाकडे लावतो, हिंगुळाचा रंग देतो. गंधसरूच्या बाबतीत चढाओढ केलीस म्हणून तू राजा ठरतोस काय? तुझा बापही खातपीत होता, पण तो न्यायाने वागत असे, गरिबाची दाद लावत असे.

यहोयाकीमाने त्याचे उत्तर दिले ते शेगडीने. यिर्मयाला मंदिरात जायला बंदी होती म्हणून त्याने आपली वचने बारूख या लेखनिकाला सांगून गुंडाळीवर लिहून घेतली होती. उपासाच्या दिवशी बारूखाने ती मंदिरात, शाफानाचा मुलगा गमऱ्या याच्या खोलीतून, सर्वांना वाचून दाखवली. बातमी अधिकाऱ्यांपर्यंत गेली. त्यांनी ती पुन्हा वाचून घेतली, घाबरले, आणि बारूखाला सांगितले की तू आणि यिर्मया लपून बसा. महिना नववा, हिवाळ्याचा. राजा हिवाळी महालात शेगडीपुढे बसला होता. यहूदी नावाचा माणूस गुंडाळी वाचू लागला. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा लेखनिकाच्या चाकूने तेवढा भाग कापी आणि शेगडीत टाकी, असे करत करत सगळी गुंडाळी संपली. गमऱ्यासह तिघांनी जाळू नका म्हणून विनवले, ते त्याने ऐकले नाही. यानंतर यिर्मयाने दुसरी गुंडाळी घेतली, बारूखाला सगळे पुन्हा सांगितले आणि त्यात तशाच आणखी पुष्कळ वचनांची भर घातली. १९८२ साली यरुशलेममध्ये दावीदनगराच्या उत्खननात मातीच्या मोहोरांचे ठसे सापडले आणि त्यातल्या एकावर ‘गमऱ्याहू बेन शाफान’ हे नाव आहे. बाबेलच्या सैन्याने शहर जाळले, त्या आगीत तिथल्या घरातली मोहोरबंद कागदपत्रे भस्म झाली आणि त्यांना लावलेली माती मात्र भाजून पक्की झाली.

शेवटच्या वेढ्याच्या काळातला एक प्रसंग चौतिसाव्या अध्यायात आहे. बाबेलचे सैन्य दारात उभे असताना यहूदाच्या सिद्कीया राजाने आणि धनवंतांनी मंदिरात करार केला की आपल्या हिब्रू दासदासींना मुक्त करायचे. कापलेल्या वासराच्या दोन भागांमधून चालत जाऊन त्यांनी शपथ घेतली आणि गुलाम सोडलेही. इतक्यात मिसरचे सैन्य येत असल्याच्या बातमीने बाबेलकरांनी वेढा उठवला. धोका टळला असे वाटताच त्यांनी सोडलेल्या माणसांना पुन्हा पकडून आणून गुलाम केले. यिर्मयाने त्यांना सांगितले की तुम्ही आपल्या भावांना मोकळे केले नाही, तेव्हा मी आता तलवारीला, मरीला आणि दुष्काळाला तुमच्यावर मोकळे सोडतो. वेढा परत पडला आणि इ.स.पू. ५८७ किंवा ५८६ मध्ये शहर पडले. त्याच वेढ्यात, स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत असताना, यिर्मयाने चुलतभाऊ हनामेल याच्याकडून अनाथोथचे एक शेत १७ शेकेल चांदीला, म्हणजे साधारण १९० ग्रॅम चांदी तोलून देऊन, विकत घेतले, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या आणि खरेदीखत मातीच्या मडक्यात ठेवायला सांगितले. अनाथोथ तेव्हा शत्रूच्या ताब्यात होते. आयुष्यभर विनाश सांगणाऱ्या माणसाने, विनाश खरा होत असताना, कायदेशीर व्यवहार चोख पार पाडला.

आपल्या राजांना, पुरोहितांना आणि पूर्वजांना इतके टाकून बोलणारे हे ग्रंथ टिकले कसे, हा प्रश्न मला संदेशाइतकाच मोलाचा वाटतो. दरबारी संदेष्ट्यांची वचने जवळपास सगळी गेली. ती आपल्याला माहीत आहेत ती त्यांच्या विरोधकांच्या ग्रंथांतून. शहर पडल्यावर, बंदिवान होऊन बाबेलात बसलेल्या लोकांना आपल्यावर हे का आले याचे कारण हवे होते, आणि ते हनन्याच्या बोलण्यात नव्हते. त्यांनी आरोपपत्रच जपून ठेवले आणि पुढे ते उपासनेत वाचायला घेतले. आजही योम किप्पूर या ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या उपासाच्या दिवशी सभास्थानात सकाळी यशयाचा अठ्ठावन्नावा अध्याय वाचला जातो, ज्यात देव विचारतो की डोके लव्हाळ्यासारखे वाकवणे आणि गोणपाट नेसणे यालाच तुम्ही उपास म्हणता काय? दिवसभर उपाशी असलेल्या माणसांना हे ऐकवण्याची प्रथा ज्याने कुणी घातली, त्याला संदेष्टे चांगले कळले होते.

हे ग्रंथ प्रथमच वाचणाऱ्याने छापलेल्या क्रमाने वाचू नयेत, असे मी सुचवीन. सुरुवात आमोसपासून करावी. नऊच अध्याय आहेत. मग मीखाचे सात, आणि त्यानंतर यिर्मयाचे सव्वीस ते पंचेचाळीस हे अध्याय, कारण त्यात बहुतेक कथाभाग आहे आणि माणसे स्पष्ट दिसतात. यशया त्यानंतर घ्यावा. त्याचे ६६ अध्याय एका माणसाचे आणि एका काळाचे नाहीत. चाळिसाव्या अध्यायापाशी काळ जवळजवळ दीडशे वर्षांनी पुढे सरकतो, अश्शूर जाऊन बाबेल आलेले असते आणि तेही पडण्याच्या बेतात असते, आणि पंचेचाळिसाव्या अध्यायात पारसचा (इराणचा) राजा कोरेश याचे नाव घेऊन त्याला देवाचा अभिषिक्त म्हटलेले आहे. हे आधी ठाऊक नसेल, तर सन्हेरीबाच्या वेढ्यातून वाचक एकदम बाबेलाच्या बंदिवासातून परतीच्या वाटेवर येऊन पडतो आणि मधली पडझड त्याला कुठेच सापडत नाही. ती यिर्मयात आणि यहेज्केलात आहे.